गरजांची पाहणी सेवा ठरण्याआधी व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एकटे राहणारे वृद्ध, अपंगत्व असलेल्या व्यक्ती, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रिया, पालकांचे छत्र हरपलेली मुले, बेघर माणसे, व्यसनाच्या किंवा मानसिक आजाराच्या विळख्यात सापडलेले तरुण यांच्यासाठी एखादी सेवा सुरू होते, तेव्हा तिचा निधी, तिची जागा आणि उद्घाटनाची तारीख ठळकपणे छापून येते. ही सेवा कोणाच्या कोणत्या गरजेवर बेतली आहे आणि ती गरज कोणी, केव्हा व कशी तपासली, याचा उल्लेख बातमीत क्वचितच आढळतो. समाजकार्याच्या क्षेत्रात आयुष्याचा मोठा काळ गेल्यामुळे या उणिवेचे परिणाम मला जवळून पाहावे लागले आहेत. म्हणून जोखमीत जगणाऱ्या लोकांसाठी सेवा उभारण्याआधी करावयाच्या गरजांच्या पाहणीविषयी आपल्या वाचकांपुढे काही मुद्दे सविस्तर मांडण्याची परवानगी मागतो.

माझे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे की पाहणी निर्णयाच्या आधी व्हावी आणि कोणत्याही नोंदवहीत ज्यांचे नाव येत नाही, त्यांच्यापासून तिची सुरुवात व्हावी. अनेकदा घडते ते याच्या उलट. योजना आधी ठरते, निधी मंजूर होतो आणि प्रस्तावाला जोडायचा कागद म्हणून पाहणी उरकली जाते. अशा पाहणीतले प्रश्न वाचले की ते लगेच लक्षात येते. ‘आपल्या वस्तीत समुपदेशन केंद्र असावे असे आपल्याला वाटते का?’ या प्रश्नाला नकार देणारा माणूस सापडणे कठीण, आणि त्याच्या होकारातून नवे असे काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘गेल्या वर्षभरात घरात मोठी अडचण आली तेव्हा आपण सर्वांत आधी कोणाकडे गेलात, तिथे काय झाले, आणि कुठेच गेला नसाल तर कशामुळे?’ असे विचारले तर उत्तर लांबते आणि ते टिपून घेणाऱ्याला कष्ट पडतात. पण त्यातून कळते की केंद्र आहे, मात्र त्याच्या वेळा रोजंदारीवर जाणाऱ्यांना जमत नाहीत, किंवा तिथल्या खोलीत बोललेले शेजारच्या खोलीत ऐकू जाते, किंवा ओळखपत्राशिवाय कोणाला आत घेत नाहीत. सेवा कशी असावी हे अशा उत्तरांवरूनच ठरवता येते.

ब्रिटनमधील समाजधोरणाचे अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली गरजेकडे पाहण्याच्या चार बाजू मांडल्या आणि त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत. तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषावरून दिसणारी गरज ही एक. ज्याची गरज आहे त्याला स्वतःला जाणवणारी, ही दुसरी. त्याने अर्ज करून, रांगेत उभे राहून किंवा तक्रार देऊन प्रत्यक्ष व्यक्त केलेली, ही तिसरी. आणि सारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या वस्तीला जे मिळते ते इथे मिळत नाही, या तुलनेतून लक्षात येणारी ही चौथी. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे उदाहरण घेतले तर परिचारिका म्हणेल की दर आठवड्याला घरभेट आवश्यक आहे. वृद्धाला स्वतःला मात्र दिवसातून एकदा कोणी येऊन बोलावे याची ओढ अधिक असू शकेल. त्याने अर्ज केलेला असेल तो केवळ निवृत्तिवेतनाचा, कारण अर्ज करता येण्याजोगे तेवढेच त्याला ठाऊक आहे. आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या वस्तीतल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्या सुनेला किंवा मुलीला महिन्यातून काही दिवस विसावा मिळण्याची सोय असेल, जिची इथे कोणी कल्पनाही केलेली नाही. पाहणी करणाऱ्याने यांपैकी एकच बाजू पकडली तर अहवाल सुटसुटीत होतो आणि सेवा चुकते. या चार उत्तरांत जिथे मेळ बसत नाही, तिथेच थांबून चौकशी करण्यात पाहणीचा खरा उपयोग आहे, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत मोठा धोका व्यक्त झालेल्या गरजेवर विसंबण्यात आहे, कारण ती मोजायला सोपी असते. प्रतीक्षायादी तयार असते, बाह्यरुग्ण विभागाचे आकडे तयार असतात, मदतवाहिनीवर आलेल्या फोनची नोंद तयार असते. पण या सगळ्या नोंदी आलेल्यांच्या आहेत. वेल्समधील खाणकामगारांच्या भागात वर्षानुवर्षे डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडले, जे पुढे ‘व्यस्त काळजीचा नियम’ म्हणून ओळखले जाऊ लागले: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही लोकांना असलेल्या तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे सेवा कमी. ज्या भागात सेवा पोहोचलेलीच नाही, तिथून मागणीही नोंदली जात नाही. मग मागणी नाही म्हणून पुढचा निधीही तिथे जात नाही, आणि हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहते. मागणी शून्य दिसली म्हणून गरज शून्य मानणे हा या कामातला सर्वांत अन्यायकारक निष्कर्ष आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

मग थेट लोकांनाच विचारले तर? तेही अपरिहार्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. अमर्त्य सेन यांनी या बाबतीत एक महत्त्वाची विसंगती दाखवून दिली होती: भारतातील राज्यांत केरळमध्ये आयुर्मान सर्वाधिक असूनही स्वतःच्या आजाराची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाणही तिथेच सर्वाधिक होते, तर आयुर्मान कमी असलेल्या बिहारमध्ये अशा तक्रारींचे प्रमाण कमी होते. शिक्षण आणि आरोग्यसेवा यांच्यामुळे माणसाला आपला त्रास ओळखता येतो, त्याला नाव देता येते आणि त्यावर इलाज असू शकतो हेही कळते. जिने मारहाण आईच्या वाट्यालाही पाहिली आणि शेजारणीच्याही, ती स्त्री ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणेल आणि त्यात ती खोटे बोलत नसेल. म्हणून जाणवलेल्या गरजेला तज्ज्ञांच्या निकषाची आणि तुलनेची जोड द्यावी लागते. मात्र या कारणाने लोकांना विचारणेच टाळायचे आणि ‘त्यांना काय कळते’ असे म्हणून मोकळे व्हायचे, हे त्याहून वाईट.

कोणापर्यंत पोहोचायचे याइतकाच कसे पोहोचायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्यावर थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणात ज्यांना घर नाही ते सुटतात. मालकाच्या घरी राहून काम करणारी मुलगी, वसतिगृहात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेली व्यक्ती, हंगामापुरती आलेली मजूर कुटुंबे हीही सुटतात. दुपारी अकरा ते चार या वेळेत दार वाजवणाऱ्याला कामावर गेलेला माणूस भेटत नाही, आणि कुटुंबप्रमुखाची मुलाखत घेऊन घरातल्या सर्वांची माहिती मिळाली असे मानणाऱ्याला त्या घरातल्या वृद्धेची, अपंग मुलाची किंवा नव्या सुनेची बाजू कधीच कळत नाही. लपून राहण्यातच ज्यांची सुरक्षितता आहे अशा गटांसाठी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. त्या गटातल्या थोड्या व्यक्तींपासून सुरुवात करायची, प्रत्येकाला मोजकीच निमंत्रणपत्रे द्यायची आणि त्यांनी आपल्या ओळखीतल्यांना आणायचे. ज्याच्या ओळखी जास्त त्याच्यामार्फत त्याच्यासारखेच लोक जास्त येतात, म्हणून ओळखींच्या संख्येचा हिशेब धरून पुढे आकडे दुरुस्त केले जातात. अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांमधील एचआयव्हीच्या अभ्यासासाठी ही पद्धत जगभर वापरली गेली. तिच्याही मर्यादा आहेत, कारण ज्याला कोणाचीच ओळख नाही तो इथेही सुटतो. अशा एकाकी माणसाचा शोध घ्यायला पाणपोईपासून स्मशानापर्यंत जिथे जिथे त्याचा वावर असेल तिथे, रात्रीअपरात्री, पायी फिरण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्नाची शब्दरचना किती फरक पाडते, याचे उत्तम उदाहरण अपंगत्वाच्या मोजणीत मिळते. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की लाजेमुळे, शिक्क्याच्या भीतीमुळे किंवा म्हातारपणी कमी दिसणे हे अपंगत्व नव्हेच या समजुतीमुळे उत्तर नकारार्थी येते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने यावर सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही पाहायला, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा जिना चढायला, लक्षात ठेवायला वा मन एकाग्र करायला, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामे करायला आणि दुसऱ्याशी बोलून समजून घ्यायला वा समजावून सांगायला अडचण येते का, एवढेच त्यात विचारायचे असते. उत्तरे चार: अजिबात नाही, थोडी, खूप, आणि मुळीच जमत नाही. कोणालाही शिक्का न मारता किती जणांना उतार, हातकाठी, मोठी अक्षरे किंवा सोबतीची गरज आहे हे यातून कळते.

पाहणीमुळे ज्यांचे नुकसान होऊ शकते, त्यांच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या अभ्यासासाठी सुरक्षिततेच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. मुलाखत संपूर्ण खासगीत व्हावी, एका घरातून एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावेत, अभ्यासाचा विषय घरात व वस्तीत सर्वसामान्य आरोग्याचा म्हणून सांगावा, आणि त्या भागात मदत कुठे मिळू शकते याची माहिती मुलाखत घेणारीने आधीच सोबत ठेवावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. यातली शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. जिच्या जखमेबद्दल आपण विचारतो, तिला उत्तरानंतर देण्यासारखे आपल्या हातात काहीच नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. गोळा केलेल्या माहितीबाबतही तीच सावधगिरी हवी. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधील लोकसंख्येच्या काटेकोर नोंदींमुळे, ज्यांत धर्माचीही नोंद होती, ज्यू नागरिकांना हुडकणे नाझींना सोपे गेले, आणि मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतील कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले. त्या नोंदी ठेवणाऱ्यांचा मूळ हेतू प्रशासनाचा होता. म्हणून जी माहिती सेवेसाठी लागणार नाही ती विचारू नये, नाव आणि उत्तर एकाच कागदावर ठेवू नये, आणि लहान वस्तीचे आकडे असे छापू नयेत की त्यावरून नेमकी व्यक्ती ओळखता येईल.

वस्तीशी रोजचा संबंध असलेल्यांना विचारणे ही जुनी आणि चांगली रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश समाजसंशोधक चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीची पाहणी केली, तेव्हा घरोघरी जाऊन मुलांच्या शाळेची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून त्यांनी कुटुंबांची माहिती मिळवली, प्रत्येक रस्ता परिस्थितीनुसार वेगळ्या रंगात दाखवणारे नकाशे काढले, आणि शहरातले ३०.७ टक्के लोक गरिबीत असल्याचे दाखवून अनेकांना धक्का दिला. संपूर्ण शहराच्या सरासरीत जे लपते ते रस्त्यागणिक नकाशात उघडे पडते, हा धडा आजही कामाचा आहे. पण त्याच नकाशांत सर्वांत गरीब रस्ते काळ्या रंगात दाखवून तिथल्या माणसांचे वर्णन दुर्गुणी आणि अर्धगुन्हेगार असे केलेले होते. पाहणाऱ्याच्या नजरेने हलाखीला स्वभावदोष ठरवले, आणि ज्यांच्याबद्दल हे लिहिले गेले त्यांना त्यावर बोलण्याची कोणतीही सोय नव्हती. मध्यस्थाकडून मिळालेल्या माहितीत ही जोखीम नेहमीच असते, मग तो मध्यस्थ शिक्षक असो, आरोग्यसेविका असो वा माझ्यासारखा संस्थेचा कार्यकर्ता.

यावरचा उपाय म्हणजे त्या लोकांना पाहणीच्या रचनेतच सामील करून घेणे. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत लोकांचे मत नुसते मागवणे, म्हणजे निर्णयावर त्या मताचा काही परिणाम होईल याची हमी न देता विचारणे, ही पायरी नाममात्र सहभागात मोडते. बहुतेक पाहण्या याच पायरीवर थांबतात. प्रश्नावली तयार करतानाच बेघर राहिलेली, व्यसनातून बाहेर पडलेली, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी माणसे समितीत बसली तर ‘हा प्रश्न असा विचारला तर कोणी उत्तर देणार नाही’ हे तिथल्या तिथे कळते. मुलाखती घेण्यासाठीही त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि त्या कामाचे मानधन द्यावे. तज्ज्ञाला बैठकीचा भत्ता मिळतो आणि ज्याच्या अनुभवावर अहवाल उभा राहतो त्याला आभाराचे पत्र, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

वस्तीत काय नाही याबरोबर काय आहे, हेही विचारावे. कोणाच्या ओसरीवर मुले अभ्यासाला जमतात, रात्री दवाखान्यात न्यायला कोण धावून येते, कोणती बाई चार घरांतल्या वृद्धांवर लक्ष ठेवते, याची नोंद झाली तर सेवा त्या आधाराला बळ देणारी करता येते. मात्र लोक एकमेकांना सांभाळतात असे दिसले म्हणून शासनाने अंग काढून घ्यावे, असा अर्थ त्यातून काढता कामा नये.

एवढे सगळे करायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. उपलब्ध माहिती आधी नीट वाचली तर बरीच विचारपूस वाचते. लसीकरणाची व्याप्ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेल्या पद्धतीत ३० समूह, म्हणजे गावे किंवा वस्त्या, निवडून प्रत्येकातील ७ मुलांची माहिती घेतली जात असे. याच धर्तीवर ३० समूहांतील प्रत्येकी ७ घरे, म्हणजे एकूण २१० मुलाखती घेऊन, आपत्तीनंतर काही दिवसांत एखाद्या भागातल्या गरजांचा अंदाज बांधता येतो. मोठ्या चित्रासाठी हे पुरेसे ठरते. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी मात्र वर सांगितलेली पायपीट टळत नाही, आणि काटकसर करायचीच असेल तर ती गुळगुळीत कागदावर छापलेल्या अहवालात करावी. चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी चालणाऱ्या सेवेवर वर्षानुवर्षे होणारा खर्च या पाहणीहून कितीतरी अधिक असतो.

अखेरचा मुद्दा अहवालाच्या पुढच्या प्रवासाचा. एकाच वस्तीत वेगवेगळ्या संस्था येऊन तेच ते प्रश्न विचारून जातात आणि पुढे काहीच घडत नाही, तेव्हा लोक दार लावून घेतात, आणि त्यांचे ते वागणे रास्त आहे. काही देशांनी यावर कायद्याचा आधार घेतला आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना दर तीन वर्षांनी आपल्या भागातील आरोग्यविषयक गरजांची पाहणी करणे, तीत वैद्यकीय सेवेपासून वंचित गटांचे म्हणणे विचारात घेणे, अहवाल जनतेसाठी खुला ठेवणे आणि त्यावर कृती आराखडा स्वीकारणे बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्यापासून स्थानिक प्रशासन आणि आरोग्य यंत्रणा यांनी संयुक्तपणे गरजांची पाहणी करणे अपेक्षित आहे. कायद्याने सगळे सुरळीत होते असे नाही, पण अहवाल मागण्याचा आणि त्यावर जाब विचारण्याचा हक्क तरी लोकांना मिळतो.

असा कायदा नसेल तिथेही संस्थांना आणि प्रशासनाला काही गोष्टी आजपासून करता येतील. पाहणीचे निष्कर्ष अंतिम करण्याआधी ते त्याच वस्तीत, त्याच लोकांपुढे, त्यांच्या बोलीत वाचून दाखवावेत आणि ‘हे आमचे नाही’ असे ते म्हणाले तर दुरुस्त करावेत. कोणत्या गरजेला अग्रक्रम दिला आणि कोणती मागे ठेवली, हे कारणासह लिहावे, कारण मागे ठेवलेल्या गरजेचे लोकही अहवाल ऐकायला बसलेले असतात. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत असावी, आणि पाहणीत कोणते गट सुटले हे पहिल्याच पानावर नमूद करावे.

आपल्या वृत्तपत्राकडेही माझी एक विनंती आहे. जोखमीत जगणाऱ्या लोकांसाठी नव्या सेवेची घोषणा झाली की आपल्या प्रतिनिधीने निधीच्या आकड्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे बातमीत छापावीत: या सेवेआधी गरजांची पाहणी झाली होती का, तीत कोणापर्यंत पोहोचता आले नाही, आणि तिचा अहवाल सामान्य वाचकाला कुठे पाहायला मिळेल.

आपला विश्वासू,
समाजकार्य क्षेत्रातील एक निवृत्त कार्यकर्ता